दह्यातलं पाणी निथळू द्या: उन्हाळ्यासाठी घरचा गारेगार खाऊ

मे महिन्यात कसारा घाटाच्या रस्त्याला किंवा मुरबाडहून टोकावडे-माळशेजकडे जाताना कडेला बायका करवंदं घेऊन बसलेल्या दिसतात. पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं, शेजारी टोपलीत रायवळ आंबे, आणि जूनच्या तोंडावर जांभळं. पहाटे रानात काटे सोसत वेचलेला हा माल संध्याकाळी मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं. रानमेवा कुणासाठी थांबत नाही. जेमतेम तीन आठवडे त्याची चंगळ असते, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाव नाही.

याच दिवसांत शहापूर-मुरबाडकडे पारा चाळिशी ओलांडतो. मुंबई, कल्याण, डोंबिवलीहून भाचरं सुट्टीला आलेली असतात. दुपारी गारेगारवाल्याची घंटा वाजली की सगळी दाराकडे धावतात आणि रंगीत पाण्याच्या कांड्या घेऊन परत येतात. मुलांना थंड खावंसं वाटतं यात त्यांचं काही चुकत नाही. पण अंगणापलीकडे करवंदं पडलेली असताना आणि घरात दही लागलेलं असताना नुसतं रंगीत साखरपाणी त्यांच्या पोटात जावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख. साधा फ्रीज, एक सुती फडकं, पुरणयंत्र किंवा चाळणी आणि आठवडी बाजारातलं फळ एवढ्यावर हा खाऊ होतो. मिक्सर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

सगळं गणित पाण्याचं

पहिल्यांदा दही-साखर-आंबा ढवळून फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्या बहुतेकांना सकाळी दगड मिळतो. चमचा वाकतो, पण दही हलत नाही. याचं कारण दह्यातलं मोकळं पाणी. पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. गोठायला जितका वेळ लागेल, तितके ते मोठे होतात आणि जिभेला खडीसारखे लागतात. त्यावर तीन उपाय आहेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे दही बांधून ठेवणं. आपण श्रीखंडासाठी चक्का करतो तसंच. दुसरा उपाय गोडाचा. साखर किंवा गूळ विरघळलेलं पाणी सहज गोठत नाही, त्यामुळे खाऊ मऊ राहतो. साखर अगदीच कमी केली की तो टणक होतो. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून गोठवण्याआधी मिश्रण चाखताना ते थोडं जास्तच गोड लागायला हवं. तिसरा उपाय पातळ थराचा. खोल डब्यात भरलेलं मिश्रण रात्रभर सावकाश गोठतं, तर ताटात बोटाच्या जाडीपेक्षा कमी पसरलेलं दोन-अडीच तासांत होतं आणि त्याचे स्फटिक बारीक राहतात.

चक्का कसा बांधायचा

एक लिटर दूध नीट उकळा. घरच्या गाई-म्हशीचं किंवा गवळ्याकडचं सुटं दूध असेल तर उकळी चुकवू नका. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे त्याचा खाऊ अधिक मऊ होतो. गाईच्या दुधाचाही चांगला होतो, फक्त त्याचं दही जरा जास्त वेळ बांधावं लागतं. दूध बोटाला कोमट लागेल इतकं निवालं की एक चहाचा चमचा ताजं विरजण घालून ढवळा. उन्हाळ्यात आपल्याकडे चार-पाच तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर तासाभरात आंबट होतं.

गार झालेलं दही धुवून उकळलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात घाला आणि पुरचुंडी बांधा. उन्हाळ्यात खुंटीला टांगलेलं दही आंबतं. म्हणून पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर, आणि हा सगळा डोलारा फ्रीजमध्ये. चार ते सहा तासांत वजन साधारण निम्म्यावर येतं. हाताला लोण्यासारखं लागलं की चक्का तयार.

खाली साचलेलं पिवळसर पाणी ओतून देऊ नका. त्यात भाकरीचं पीठ मळा, ते कढीत किंवा आमटीत घाला, नाहीतर मीठ-जिरं टाकून प्या. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आपल्या भागात आहेत, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथल्या कितीतरी पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. अशा ठिकाणी वाटीभर पौष्टिक पाणीही वाया जाऊ नये.

फळाचा गर: प्रत्येकाची वेगळी तऱ्हा

करवंदं: पूर्ण काळी, मऊ करवंदं घ्या. देठाशी चीक असतो, म्हणून हाताला तेलाचा थेंब चोळा आणि करवंदं दोन-तीनदा धुवा. दोन वाट्या करवंदांना अर्धी वाटी साखर आणि दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर ती फुटेपर्यंत, सहा-सात मिनिटं ठेवा. गार झाली की पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर हाताने गाळा. बिया वर राहतात आणि खाली गडद जांभळा-लाल गर येतो. भांडं स्टीलचं घ्या. आंबट फळ जर्मनच्या टोपात किंवा कल्हई उडालेल्या पितळेत शिजवू नये.

जांभळं: ही शिजवू नका. धुऊन, थोडी साखर लावून अर्धा तास ठेवा आणि चाळणीवर तळहाताने रगडा. तुरटपणा राहतोच, पण चिमूटभर मीठ आणि दाट चक्का मिळाला की तो सुखद लागतो.

रायवळ आंबे: हापूसपेक्षा ते पातळ आणि धागेदार, पण वासाला जबरदस्त. रस पिळून गाळा आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत आटवा. गोठवण्याआधी फळातलं पाणी कमी करायचं ते असं.

चिकू: डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो आपल्या बाजारातही येतो. साल-बी काढून हाताने कुस्करा. त्याची स्वतःची गोडी भरपूर असते, त्यामुळे साखर निम्मी करा.

केळी: सालीवर काळे ठिपके आलेली केळी सर्वांत चांगली. गर मुळातच दाट असल्याने केळ्याचा खाऊ जवळजवळ चुकत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी केळ्यानेच सुरुवात करावी.

सीताफळ: पावसाळा सरता सरता येतं. गर चाळणीवर काढा, पण आचेवर ठेवू नका, कडू होतो.

अननस आणि पपई: न शिजवलेल्या अननसात आणि पपईत दुधातली प्रथिनं तोडणारे घटक असतात, त्यामुळे दही पातळ आणि कडवट होतं. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून घ्या. पपई पूर्ण पिकलेली घ्या आणि मिसळल्यावर लगेच गोठवा.

कलिंगड: त्यात दहा भागांपैकी नऊ भाग पाणीच, म्हणून ते दह्यात मिसळू नका. बिया काढून फोडी तशाच गोठवा किंवा रसाची वेगळी कांडी करा.

काही घरांत फळं आणि दही एकत्र खात नाहीत. ज्यांच्याकडे हे पाळलं जातं त्यांनी याच पद्धतीने नुसत्या गराच्या वड्या कराव्यात. करवंदाच्या आणि आंब्याच्या तर फारच छान होतात.

पहिला प्रकार: दह्याचे थेंब

लहान मुलांसाठी हा सर्वांत सोपा प्रकार. एक वाटी चक्का, अर्धी वाटी दाट गर, दोन-तीन चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ चमच्याने एकजीव करा. करवंदाच्या गरात आधीच साखर असते, तेव्हा चाखूनच पुढची घाला. ताटात केळीच्या पानाचा धुऊन पुसलेला तुकडा किंवा बटर पेपर पसरा आणि त्यावर चहाच्या चमच्याने रुपयाएवढे थेंब सोडा. ताट फ्रीजरच्या तळाला सपाट टेकू द्या. दोन तासांत थेंब पानावरून सुटे होतात. ते लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण उघडे राहिले की फ्रीजरचा वास धरतात.

दुसरा प्रकार: गोठवलेली वडी

दोन वाट्या चक्का, चार-पाच चमचे साखर किंवा पाण्यात विरघळवून गाळलेला, गार केलेला दाट गूळ, आणि वेलचीपूड. गुळात वाळू-कचरा असतो, त्यामुळे गाळणं सोडू नका. मिश्रण पानावर अर्ध्या बोटाच्या जाडीने पसरा. वर करवंदाचा गर चमच्याने रेघारेघांनी ओता, चिकूच्या किंवा केळ्याच्या पातळ चकत्या लावा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा भरडा किंवा भाजलेले तीळ भुरभुरा. तीन-चार तासांनी हाताने तुकडे मोडा. पांढऱ्यावर जांभळ्या रेघांची ही वडी ताटात दिसते सुरेख, आणि पाहुण्यांपुढे ठेवायलाही शोभते. उन्हाळ्यात ती पाच मिनिटांत मऊ होते, म्हणून सगळे बसल्यावरच फ्रीजरमधून काढा.

तिसरा प्रकार: कांडी

साचा विकत आणायची गरज नाही. चहाचे छोटे स्टीलचे पेले किंवा अरुंद वाट्या चालतात. आधी दोन बोटं आंब्याचा गर घाला, पाऊण तास फ्रीजरमध्ये धरू द्या, मग वर गोड केलेला चक्का भरा. पेला काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. याच कारणाने काचेचा पेला किंवा बाटली फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका, ती तडकते आणि काचेचे कण खाऊत जातात. मिश्रण अर्धवट धरलं की मधोमध कुल्फीची काडी खोचा. काढताना पेला दोन्ही तळव्यांत धरा किंवा क्षणभर साध्या पाण्यात बुडवा, कांडी सुटून येते.

चौथा प्रकार: केळ्याच्या चकत्या

पिकलेल्या केळ्याच्या बोटभर जाड चकत्या करा, गोड चक्क्यात बुडवा आणि पानावर सुट्या मांडून गोठवा. मिक्सर असेल तर नुसत्या गोठवलेल्या चकत्या थोड्या चक्क्याबरोबर थांबत-थांबत फिरवा. दोन मिनिटांत आइस्क्रीमसारखं मऊ मिश्रण होतं आणि त्याला वरून साखर लागत नाही.

घरात फ्रीज नसेल तर

फ्रीज नाही म्हणून कुणाची मुलं या खाऊपासून वंचित राहू नयेत. जुन्या पॉट आइस्क्रीमची रीत आजही तितकीच कामाची आहे. बर्फात मीठ मिसळलं की तो वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे मिश्रण शून्य अंशाच्या बरंच खाली जातं. नीट मिसळलं तर उणे दहा अंशांच्याही खाली.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि त्यात गार चक्का-गर निम्म्यापर्यंत भरा. बादलीत तीन भाग ठेचलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ थराथराने घालून डबा मधोमध रोवा. बादलीभोवती गोणपाट गुंडाळा. डबा हाताने उलटसुलट फिरवत राहा. दर आठ-दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेला धरलेलं मिश्रण खरवडून आत ढकला. अर्ध्या-पाऊण तासात खाऊ होतो. मुलांना हे काम मनापासून आवडतं, मात्र मीठ घातलेला बर्फ उघड्या हाताने धरू देऊ नका, कातडी पोळल्यासारखी होते.

बर्फ घेतानाही डोळे उघडे ठेवा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. असा बर्फ बाहेरून डबा थंड करायला चालतो, पदार्थात किंवा सरबतात कधीच नको. आणि बिनरंगाचा दिसला म्हणून कोणताही बर्फ शुद्ध ठरत नाही.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत

हे वाक्य फ्रीजच्या दारावर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. थंडीने जंतूंची वाढ थांबते, पण बरेचसे जिवंत राहतात आणि खाऊ वितळला की पुन्हा जागे होतात. विरजणातले चांगले जिवाणूही असेच तग धरतात. टँकरचं किंवा विहिरीच्या तळाचं पाणी वापरत असाल तर फळं धुण्याचं शेवटचं पाणी, गूळ विरघळवायचं पाणी आणि भांडी विसळायचं पाणी उकळून गार केलेलं असू द्या. फळाचा सडका भाग कापून उरलेलं वापरण्याचा मोह टाळा. हात आणि फडकं स्वच्छ हवं.

आपल्याकडे फ्रीजरमध्ये बहुधा मटण, मासे, सुकट-बोंबीलही असतात. कच्चं मांस घट्ट डब्यात तळाला ठेवा आणि खाऊ त्यापासून वेगळा, झाकून, वरच्या बाजूला.

अगदी लहान मुलांना टणक तुकडे, सबंध द्राक्षं किंवा बी असलेली फळं देऊ नका, घशात अडकतात. त्यांना तोंडात विरघळणारे थेंब द्या, तेही मांडीवर किंवा शेजारी बसवून. एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाऊत मध घालू नका.

वीज गेली तर

वळवाच्या वाऱ्यात झाड तारांवर पडलं की रात्र-रात्र वीज येत नाही, हा आपला दरवर्षीचा अनुभव. अशा वेळी फ्रीजरचं दार उघडू नका. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, म्हणून मोकळ्या जागेत पाऊण भरलेल्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवा.

आपण गावाला गेलो असताना वीज गेली होती का, हे कळायला एक युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवा आणि त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजा आणि तो खाऊ टाकून द्या. वीज जाऊन मिश्रण नुकतंच मऊ झालं असेल आणि अजून चांगलं गार असेल, तर घुसळून त्याची लस्सी करा आणि लगेच संपवा. पूर्ण वितळून कोमट झालेलं पुन्हा गोठवू नका.

फ्रीजरच्या भिंतींवर बर्फाचा जाड थर साचला की थंडावा आत पोचत नाही. महिन्यातून एकदा फ्रीज बंद करून तो काढा. सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडतं. नवीन मिश्रण रात्री जेवणं आटोपल्यावर ठेवलं तर दार सारखं उघडलं जात नाही आणि सकाळपर्यंत काम झालेलं असतं.

किती दिवस टिकतं

दह्याचे थेंब आणि वड्या दोन आठवड्यांत संपवल्या तर चव उत्तम राहते. नुसता गर मात्र याहून बराच जास्त टिकतो. मे महिन्यात स्वस्त मिळणारी करवंदं आणि रायवळ आंबे यांचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, चौकोन सुटे करून डब्यात भरा आणि डब्यावर तारीख चिकटवा. मग ऑगस्टमध्ये डोळखांबकडे पावसाची झड लागलेली असताना दोन चौकोन काढून ताज्या चक्क्यात घालता येतात.

बचत गटातल्या काही बहिणींच्या मनात हा खाऊ विकायचाही विचार येईल. जरूर यावा. पण विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते, आणि वीज खात्रीची नसेल तर गोठवलेला माल विकणं धोक्याचं. आधी एक उन्हाळा घरच्यांसाठी करा, आपल्या फ्रीजरचा आणि गावच्या विजेचा अंदाज घ्या, मग पुढचं पाऊल टाका.

सुरुवात एका लिटरने

या आठवड्यात एक लिटर दुधाचं दही लावा. रस्त्याकडेच्या मावशीकडून दोन द्रोण करवंदं घ्या, आणि भाव पाडू नका. त्या वेचण्यात तिची अख्खी सकाळ गेलेली असते. रात्री चक्का बांधा आणि सकाळी मुलांच्या हाती चमचा देऊन थेंब त्यांनाच सोडू द्या. वाकडेतिकडे पडले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली, तर डोंबिवलीचं भाचरू बहुतेक दाराकडे धावण्याआधी एकदा फ्रीजरकडे बघेल. तिथे त्याने स्वतः केलेल्या खाऊचा, जांभळा डाग पडलेला डबा असेल. करवंदाची चव एकदा अशी जिभेवर बसली, की पुढच्या मे महिन्यात तेच आपल्याला विचारेल, जाळीला करवंदं धरली का.